वरून पी

शेणवे गावात वरूनकाकीच्या ओट्यावर पाणी सगळ्यांना मिळायचं. तांब्याला तोंड लावायची मुभा मात्र कुणालाच नव्हती. "वरून पी रे," ती बजावायची. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याने निम्मा तांब्या खादीवर सांडला. "उष्टं नाय करायचं, मग तू कोन का असंना," काकी म्हणाली. समतेवरचं इतकं नेमकं भाषण मी अजून ऐकलेलं नाही.

उन्हाळ्यात कुंपणावर ती पाखरांसाठीही मातीचं पसरट परळ भरून ठेवायची. होल्यांवर, म्हणजे त्या लहान रानकबुतरांवर, तिचा जीव होता, आणि रागही. "कोंबडी बघ, मान वर करून पिते. आनि हे मेले तोंड खुपसून."

एका चैत्रात होले मरू लागले. अंग फुगवून बसायचे, दाणा उचलायचे, पण गिळता यायचा नाही. चळवळीच्या सवयीने मी गावाबाहेरच्या कारखान्याला दोषी ठरवून टाकलं. पत्रक तयार होतं, मथळा 'होल्यांचा खुनी कोण?' पुरावा म्हणून मेलेला होला घेऊन आम्ही शहापूरला गुरांच्या डॉक्टरांकडे निघालो. एसटीत कंडक्टरने काकीच्या मांडीवरची पिशवी पाहून विचारलं, "भाजी का?"

"मयत," काकी म्हणाली.

डॉक्टरांनी चोच उघडली. घशात पिवळट थर होता. "परजीवी आहे, डोळ्यांना दिसत नाही. आजारी पाखराच्या लाळेतून पाण्यात उतरतो, ते पाणी पिणाऱ्याच्या घशात जातो. रानपाखरांना औषध कोण पाजणार? परळ उचला. पाखरं पांगली की साथ ओसरेल."

"म्हंजे उष्ट्यानं," काकी पुटपुटली. परतताना तिने मथळा माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. "खाली माजं नाव टाक."

तहानलेल्याला तिने कधी परत पाठवलं नव्हतं. त्या दुपारी तिने परळ पालथं घातलं आणि झाडू घेऊन ओट्यावर बसली. "नदीवर जा रे मेल्यांनो, तिथं वाहतं पानी हाय."

"काकी, पाप लागंल," शेजारीण म्हणाली.

"लागू दे. पाप धुता येतं गो, उष्टं नाय."

साथ ओसरली, पण होले थोडेच उरले. पुढे परळ पुन्हा कुंपणावर आलं, रोज राखेने घासून, उन्हात वाळवून. नवं पत्रक निघालं, 'परळ घासा'. कारखान्याविरुद्धचं मी वेगळं काढलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

गेल्या वर्षी काकी गेली. तेराव्याला ओट्यावर तांब्या फिरला, तेव्हा सगळे मान वर करून पाणी प्यायले. म्हाताऱ्यांचे सदरे भिजले. कुंपणावर मी सकाळीच घासून भरलेल्या परळात दोन होले तोंड खुपसून पीत होते.

त्यांना कुणीच काही बोललं नाही.