भाकरीचे आठ तुकडे

आमच्या घरात डी.एड. फक्त मी केलंय.

मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग घेतो. अपूर्णांक आले आणि वर्ग अडला. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? "एक अष्टमांश!" सगळे एका सुरात. का? तर आठ चारापेक्षा मोठे! मी फळा भरून टाकला, पोरं जांभया देत राहिली. त्यात गुरुवारी केंद्रप्रमुख साहेब (आमची शाळा तपासणारे अधिकारी) येणार होते. माझा घसा बसला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या आयेशाला दया आली.

"सर, व्हिडिओ बनवा ना. मोबाइलवर लवकर समजते आमाले."

रविवारी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवला, ज्वारीची भाकरी पुढे घेतली आणि सुरू झालो. अंश, छेद, समच्छेद... आठवा तुकडा पाडतोय, तोच मोबाइलच्या मागच्या बाजूनं बायको आली.

"अहो, काय करून राह्यले?"

"अपूर्णांक."

"मंग भाकरीचा भुगा काहून केला? लेकराइले असं समजते का? सरळ सांगा ना! दोघं जेवाले बसले तं अर्दी-अर्दी. चौघं बसले तं पाव-पाव. खानारे वाढले का तुकडा लहान होते! इतकं बी नाही समजत तुमाले?"

मोबाइलच्या समोर जो बसलाय त्याचाच आवाज आत जातो, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे व्हिडिओ न पाहताच मी वर्गाच्या ग्रुपवर पाठवून दिला!

सोमवारी स्टँडवर चहावाल्यानं विचारलं, "सर, तो भुगा खाल्ला का मंग?" घरी आलो तर बायको दारातच उभी.

"मी गाऊनवर होती ना!"

"अगं, तू दिसतच नाहीस त्यात."

"आवाज तं गाऊनवरचाच हाय!"

ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो शिरपूरपर्यंत पोचला होता.

गुरुवारी साहेबांनी नेमकं आयेशालाच उभं केलं. "सांग, एक चतुर्थांश मोठा का एक अष्टमांश?" मी डोळे मिटले. नोकरीत इतका कधी घाबरलो नव्हतो.

आयेशानं कमरेवर हात ठेवला. "एक चतुर्थांश! खानारे वाढले का तुकडा लहान होते. इतकं बी नाही समजत तुमाले?"

मी एक डोळा उघडला, तर साहेबच हसत होते. "कोनं शिकवलं हे?"

"व्हिडिओतल्या काकूनं!" सगळा वर्ग.

साहेबांना व्हिडिओ पाहायचाच होता. मी माझा मोबाइल पुढे केला. पडद्यावर मी "अंश म्हणजे..." म्हणतोय, एवढ्यात आयेशानं हात लांबवून बोट सरकवलं.

"साहेब, पयले चार मिनिटं सोडा. आमी सारे काकूपासूनच पाह्यतो."

मोटारसायकलवरून घरी येताना मनाला लागून राहिलं. वर्गात पोरांना मला पुढे सरकवता येत नाही. ती मुकाट्यानं बसतात आणि मला वाटतं, किती लक्ष देऊन ऐकतायत! इतक्या वर्षांत किती बोटं अशी नुसती शिवशिवली असतील? खरंच वाईट वाटलं. ठरवलं, आपण कुठे चुकतो ते आता आपणच बघायचं.

घरी पोचल्याबरोबर बैठकीच्या खोलीत बसून पहिल्यांदाच माझा तास मी विद्यार्थ्यासारखा, मन लावून ऐकायला घेतला.

दुसऱ्याच मिनिटाला माझं बोट पुढे सरकलं.