मामाने गाडीला होडीचं तेल लावलं

गाडीच्या रंगाबद्दल मला कुणी शिकवू नका. प्लीज! वापीच्या वर्कशॉपमध्ये हे काम शिकून मी चिंचणीला घरी आले, तेव्हापासून सगळं गाव मलाच शिकवतंय. शेजारची काकी म्हणे, ओरखड्याला टूथपेस्ट लाव, पण पुदिन्याची, म्हणजे उन्हात रंग थंड राहतो. आशागडचा एक रिक्षावाला म्हणाला, पांढरी गाडी कपड्याच्या पावडरनेच धुवायची, पिवळी पडत नाही. अरे, गाडी आहे का बनियान?

आणि मला खरंच टेन्शन होतं. तलासरीच्या एका काकांचा चारोटीला हायवेला लागून गाळा रिकामा होता, तिथे मला दुकान टाकायचं होतं. काका म्हणाले, "आधी एक गाडी करून दाखव. पसंत पडली तर गाळा तुझा. नाहीतर वडापाववाला मागे लागलाच आहे." माझ्याकडे कुठली गाडी? मामाची. काळी, सेकंडहँड, खाऱ्या वाऱ्याने पार विटलेली.

हात दुखेपर्यंत पॉलिश मारलं. वर कोटिंग लावलं. आरसा झाली गाडी, खोटं नाही सांगत! पण ते कोटिंग सुकायला वेळ लागतो. म्हणून मामाच्या अंगणात पत्र्याखाली ठेवली आणि त्याला बजावलं, "उद्यापर्यंत हिला पाण्याचा थेंब लागता कामा नये. दवसुद्धा नाही."

"तू काळजीच सोड," मामा म्हणाला.

इथेच घोळ झाला. मामाचं आयुष्य गेलं होडीवर. एखाद्या गोष्टीला पाणी लागू द्यायचं नाही, तर काय करायचं, हे त्याला एकच माहीत.

सकाळी गेले तर आधी वासच आला. मग मांजरं दिसली. बॉनेटवर, टपावर, मजेत गाडी चाटतायत! मामाने अख्ख्या गाडीला मुशी माशाचं तेल चोपडलं होतं. जुन्या लाकडी होड्यांना लावायचे ना, ते. अजून डबा जपून ठेवलाय त्याने.

"मामा! हे काय केलंस?"

"तूच बोललीस ना, पाणी नको. तुझ्या आज्याची होडी ह्याच तेलावर टिकली. ती तर समुद्रात असायची, पत्र्याखाली नाही!"

"ती लाकडाची होती! लाकूड तेल पितं. गाडी पिते का?"

"नाही पीत तर वर राहील. मग चांगलंच की!"

तेवढ्यात गाडी बघायला काका आलेच. नाकाला रुमाल लावून गाडीभोवती फिरले, वाकून स्वतःचं तोंड बघितलं. "चमक एकदम सरस हां! फक्त हेच बिनवासाचं येतं का?"

मला रडूच यायचं बाकी होतं. हो म्हटलं असतं तर गाळा तिथल्या तिथे मिळाला असता. पण उद्या गिऱ्हाईकांच्या गाड्यांना काय लावू, मुशी? म्हटलं, "काका, हे माझं काम नाही, हे तेल आहे. अर्ध्या बॉनेटवरचं काढते, तिथे माझं काम परत करते. अर्धं असंच ठेवते. तुम्ही पुढच्या रविवारी या."

केलं सगळं. मामा बघून म्हणतो, "तेलवाली बाजूच जास्त चमकते." आणि चमकत होती! हेच तर डोकं फिरवतं ना.

पण अंगणापलीकडे जवळा, ती बारकी कोळंबी, सुकत घातलेला आणि वारा सुटलेला. रविवारपर्यंत तेलवाल्या बाजूवर वाळू, जवळ्याची भुकटी, मांजरांचे केस, सगळं चिकटून बसलं. मी काकांसमोर दुसऱ्या बाजूवर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब टपाटप घरंगळून खाली. मग तेलवाल्या बाजूवर ओतलं, तर नुसता चिखल.

काका मामाला म्हणाले, "मसाला तर लागला, आता तळता कधी?" मग माझ्याकडे वळले. "ये चारोटीला चावी घ्यायला. पण आधीच सांगतो, शटर गंजलंय. उघडताना बोंब मारतं."

"त्याला तेल मी लावतो!" मागून मामा.

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. शटरला तेलच लागतं.