मशीनमावशींनी काढलेली पाटी

शिलाई मशीन दुरुस्त करता करता त्यांचं नावच मशीनमावशी पडलं होतं. मनगट दुखावलं आणि जड मशीन उचलणं जमेना, तेव्हा त्यांनी हातातली विद्या लिहून काढायला घेतली. टाका का सुटतो, दोरा का तुटतो, चाक जड का फिरतं. एकेका बिघाडाचं एकेक पान, सोबत स्वतः काढलेले फोटो. धाकट्या दिरानं त्याची वेबसाइट करून दिली. वाचायला पैसे पडत नसत. एक कंपनी पानांवर जाहिराती लावायची, त्यावर घर चालायचं.

तीन वर्षं बरं चाललं. मग वाचक वाढले तरी कमाई घटू लागली. दिरानं शोधून काढलं, की जवळजवळ निम्मे लोक जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर वापरतात. चिडून त्यानं प्रत्येक पानापुढे पाटीच आडवी लावली: आधी ते सॉफ्टवेअर बंद करा, मग वाचा. मावशींनाही पटलं. मेहनतीचं मोल मागायला लाज कसली?

पंधरवड्यात वाचक ओसरले. त्यातच एका हॉस्पिटलात चादरी शिवणाऱ्या बाईंचा फोन आला. दोरा सारखा तुटतोय आणि पान काही उघडत नाही, म्हणाल्या. मावशींनी फोनवरच उलटी बसलेली सुई काढून नीट बसवायला लावली, मशीन सुरळीत चालू लागलं. मग त्या बाई जरा अडखळत म्हणाल्या, "रागावू नका मावशी, पण मी ते सॉफ्टवेअर बंद करणार नाही. ते घेण्याआधी तुमच्याच पानावर भलतं बटण दाबलं गेलं आणि माझा कॉम्प्युटर दोन दिवस बंद पडला."

मावशी आपली पानं लिहिण्याच्या बाजूनंच बघायच्या; तिथं जाहिराती दिसत नसत. दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसल्या. सुईच्या फोटोवर वजन घटवण्याची गोळी नाचत होती. फुली दाबली तर दुसरंच पान उघडलं. शेजारी 'इथे दाबा' म्हणणारं हिरवं बटण, अगदी त्यांनीच लावल्यासारखं.

घरी येऊन त्यांनी दिराला सांगितलं, "भाऊजी, पाटी काढा. आणि त्या कंपनीच्या जाहिरातीही काढा."

"वहिनी, मग खायचं काय?"

"जाहिराती मी आणते. माझ्या दुकानात कोण बसणार, ते मीच ठरवणार."

सुया, दोरे, तेल विकणाऱ्यांकडे त्या स्वतः गेल्या. अट साधी होती: एका पानावर जाहिरातीचं एकच चित्र, न हलणारं, वाचणारा कुठे काय बघतो याच्या मागावर न राहणारं; आणि माल आधी त्या वापरून बघणार. दोघांनी हसून वाटेला लावलं. सुयांच्या व्यापाऱ्यानं होकार दिला, कारण त्याचे कारागीर मावशींचीच पानं वाचत. एका तेलवाल्यानं दुप्पट पैसे देऊ केले, पण त्याचं तेल आठवड्यात चिकट झालं. मावशींनी बाटली परत पाठवली.

पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. पण चित्रं बाहेरच्या कंपनीकडून न येता वेबसाइटवरच ठेवलेली असल्यानं बहुतेकांचं सॉफ्टवेअर त्यांना अडवत नव्हतं, आणि वाचक तर परत आलेच. दुसऱ्या वर्षी जाहिरातीसाठी दुकानदार आपणहून विचारू लागले. त्यांच्याशी बोलायचं काम आता दीर करतो. दरावर तो कधीमधी नमतो, अटींवर नाही.