न मोजलेली फेरी

मंगळवारी सकाळी माझे पती जयवंतराव गेले. ते चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि मान टेकली. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

त्यांचा फोन मी बंद केला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्यावर एक संदेश आला. ‘जयवंता गेल्याचं कळलं. गडी मोठ्या मनाचा होता. वैनींना नमस्कार. सदा माने, तोआ पायोह, सिंगापूर.’ तो मी तीनदा वाचला. माने पुढे कुठल्याशा बोटीवर इंजिनिअर झाले, यापलीकडे त्यांचं पुढचं मला काही माहीत नव्हतं.

मुलगी मेघना नऊ वर्षं सिंगापूरला आहे. ‘आई, थोडे दिवस ये’ असं ती म्हणतच होती. मी होकार दिला, पण येण्याचं कारण तिला सांगितलं नाही. बॅगेत साड्या, मेतकूट आणि माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा एक कागद घेतला.

चांगी विमानतळावर सगळीकडे गालिचा आहे, त्यामुळे एवढी माणसं चालत असूनही पावलांचा आवाज येत नाही. बाहेर पडल्यावर मात्र दमट हवा अंगाला चिकटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं, पुलांच्या कठड्यांवर बोगनवेल, आणि जिथे काही नाही तिथे कापलेलं गवत. टॅक्सीतून मी उघड्या मातीचा तुकडा शोधत होते. मेघनाचं सेंगकांग येईपर्यंत एकही दिसला नाही.

मेघना राहते तो भाग नवा आहे. एकसारख्या उंच इमारती, त्यांच्या खाली मोकळा तळमजला, तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात आणि मुलं सायकली चालवतात. मोठ्या एमआरटी (मेट्रो) स्टेशनपासून इमारतींपर्यंत एलआरटी (विनाचालक छोटी गाडी) गोल फिरते. तिसऱ्या दिवशी नात ईरा मला ती दाखवायला घेऊन गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, ती मोबाइलमध्ये, आणि आमचं स्टेशन गेलं.

“आजी, यू मिस्ड इट लाह,” इथल्यासारखं शेवटी ‘लाह’ जोडून ती माझ्यावरच ढकलून मोकळी झाली.

“मग आता?”

“नथिंग. बसून राहायचं. इट कम्स बॅक.”

आम्ही पुरी फेरी मारून परत आलो. त्या रात्री जेवताना मी मेघनाला म्हटलं, “तोआ पायोहला बाबांचे एक मित्र आहेत. त्यांना भेटून येते.” ती ऑफिस बुडवून सोबत यायला तयार झाली. मी नको म्हटलं.

त्या भेटीचं कारण इथे सांगायला हवं.

चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या मिरज-कोल्हापूर भागात माळावर मोटारींच्या शर्यती होत. गॅरेजवाले, साखर कारखान्यातले फिटर, दोन-चार हौशी बागायतदार, असे लोक त्यात असत. जुन्या फियाट आणि अँबेसेडर घेऊन काचा काढायच्या, दारं तारेनं बांधायची, आत लोखंडी पाइप बसवायचे. मुरमाच्या माळावर पिंपं ठेवून आणि फक्की मारून लंबगोल आखायचा, टँकरनं पाणी मारायचं. पहिल्या पाच फेऱ्यांत ते पाणी सुकून जाई आणि मग धुरळा.

फेऱ्या हातानं मोजत. प्रत्येक गाडीवाल्यानं आपला एक मोजणारा आणायचा, पण त्यानं मोजायची ती दुसऱ्याची गाडी. म्हणजे कुणी आपल्या माणसाची बाजू घेऊ नये. मी शाळेत शिकवत होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून जयवंतरावांनी मला नेलं. माझ्या वाट्याला सदा माने यांची हिरवी फियाट आली. शर्यत वीस फेऱ्यांची होती.

चौदाव्या फेरीला जयवंतरावांची गाडी पिंपाला घासली आणि गरकन फिरली. मी उभी राहिले. ते पुन्हा चालू लागेपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. फक्त धुरळ्यातून हिरव्या गाडीची मागची बाजू रेषेपलीकडे जाताना दिसली. मी रेघ ओढली नाही.

माने सगळ्यांच्या पुढे होते. वीस झाल्या असं समजून ते बाहेर येऊन थांबले. माझ्या कागदावर एकोणीस होत्या. वाद चालू असतानाच जयवंतरावांनी आपली विसावी फेरी पुरी केली. पंच माझ्या टेबलाशी आले. “बाई, नक्की?” त्यांनी विचारलं. जयवंतराव समोर उभे होते. भुवयांपर्यंत माती, आणि हसत होते. मी म्हणाले, “नक्की.”

पहिल्या नंबरची ढाल त्यांना मिळाली. त्यांनी पुढे सात वर्षं शर्यती केल्या, पण पहिले ते तेवढ्या एकदाच आले. खरं सांगितलं असतं तर ती ढाल गेली असती, म्हणून त्यांच्या हयातीत मी तोंड उघडलं नाही. आता ते नव्हते. पण त्यांच्या माघारी त्यांची एकुलती एक जीत काढून घ्यायला आपण निघालो आहोत, हेही मला प्रवासभर टोचत होतं.

दोनदा गाडी बदलून तोआ पायोहला पोचले. हे जुनं गाव आहे. इमारतींचे रंग उन्हानं विटलेले, दुकानांपुढे बादल्या आणि छत्र्या लटकवलेल्या. माने यांनी हॉकर सेंटरचा (एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या गाळ्यांचा) पत्ता पाठवला होता. दहाची वेळ असूनही गर्दी होती. एक रिकामं टेबल पाहून मी बसले. त्यावर कागदी रुमालांचं पाकीट होतं. कुणी विसरलं असेल असं समजून मी त्यातला एक घेऊन कपाळ पुसलं. तेवढ्यात एक चिनी बाई ट्रे घेऊन समोर उभी राहिली.

“आंटी, धिस टेबल माइन लाह. यू यूज माय टिश्यू सम मोर.”

मी उठले. मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

“काय वैनी, आल्या आल्या दुसऱ्याची जागा बळकावली व्हय?”

ते माने होते. डोक्यावर पांढरे केस, पायात रबरी सपाता. पाकीट ठेवलं की जागा धरली, त्याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात, असं त्यांनी समजावलं आणि त्या बाईची माझ्या वतीनं माफी मागितली. त्यांच्या बोलण्यावर हसणं मला जमलं नाही.

आम्ही दुसरं टेबल धरलं. त्यांनी थोसाय (आपला डोसाच, जरा जाड) आणि कोपी-ओ (दूध न घातलेली गोड कॉफी) आणली. पत्नी गावी गेली आहे, आपण जहाज दुरुस्तीच्या यार्डातून निवृत्त झालो, गाडी कधी घेतलीच नाही, हे सगळं त्यांनी खाता खाता सांगितलं. “जयवंता काय गाडी चालवायचा? रेडा हाकायचा. पण माळावर एकटा तोच माझ्या मागं टिकायचा.”

मी डोसा बाजूला सारला.

“भाऊजी, मी फिरायला आले नाही. त्या शर्यतीचं सांगायला आले.”

“कुठल्या?”

“तुमच्या एकोणीस भरल्या त्या. तुमच्या वीसच झाल्या होत्या. एक मी मोजली नाही. गाडी मला दिसली होती. पंचांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

त्यांनी चमचा खाली ठेवला.

“जयवंताला ठाऊक होतं?”

“नाही.”

त्यांनी दोघांच्या थाळ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि उठले. इथे उष्टी भांडी ज्यानं त्यानं नेऊन ठेवायची असतात. ती ठेवून झाली तरी ते तिथेच पाठमोरे उभे राहिले. लोक त्यांना वळसा घालून जात होते. ते तसेच निघून जातील असं मला वाटलं, आणि गेले असते तर मी हाक मारली नसती.

ते परत आले आणि बसले.

“सांगलीत मला अजून ‘एक कमी माने’ म्हणतात,” ते म्हणाले. “माझ्या लग्नात पंगतीला एकानं मुद्दाम एक जिलबी कमी वाढली. सगळे हसले. मीपण हसलो.”

त्यांनी कोपीचा एक घोट घेतला.

“गाडीत मी स्टिअरिंगवर बोटं दुमडून मोजायचो, वैनी. वीस आल्या म्हणून थांबलो. पण शाळेतली बाई नक्की म्हणते म्हटल्यावर मला वाटलं, आपलंच डोकं फिरलं. पुढं बोटीवर तेलाची पातळी रोज दोनदा मोजली. हाताखालची माणसं हसायची. दोनदा मोजून मग लिहायचो.”

“माझ्यावर रागवा,” मी म्हणाले.

“रागावलोय की. दिसंना व्हय?”

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात टेबलाखाली होते. मग त्यांनी विचारलं, “तो कागद ठेवलाय का?”

मी तो काढला. शर्यतीनंतर कुणालाच नको होता, म्हणून घरी आणला होता. चार उभ्या रेघांवर एक आडवी, असे तीन गट, पुढे चार रेघा, आणि शेवटी माझ्या अक्षरात १९. माने यांनी चष्मा लावून प्रत्येक रेघ बोटानं मोजली. दोनदा. मग खिशातलं पेन माझ्यापुढे ठेवलं.

“गिरगटून खोडू नका. आमच्या बोटीवरच्या लॉगबुकात चुकीचा आकडा पुसत नाहीत. एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही आणि आजची तारीख.”

मी १९ वर रेघ मारली. शेजारी २० लिहिलं. माझ्या सहीत मधे त्यांचं, जयवंतरावांचं नाव येतं. तिथे पेन थांबलं. माने दुसरीकडे बघत होते. मी सही पुरी केली.

“ढाल तुम्हाला पाठवते,” मी म्हणाले.

“छ्या. ती त्याचीच. पिंपावर आपटून गाडी परत आणली त्यानं, मी असतो तर रडत बसलो असतो.” त्यांनी कागदाची घडी घातली. “हे मात्र मी ठेवणार.”

मग ते मला दुमजली बसनं फिरायला घेऊन गेले. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळेपर्यंत त्यांनी दोन बसगाड्या सोडल्या. झाडीतून जाणाऱ्या एका जुन्या रस्त्यापाशी आम्ही उतरलो. फार वर्षांपूर्वी या रस्त्यावरही मोटारींच्या शर्यती होत, असं त्यांनी सांगितलं. आता तिथे माकडं कठड्यावर बसली होती आणि एक बाई पळण्याचा व्यायाम करत होती. माने वळणावर उभे राहून कुठे ब्रेक मारला असता, कुठे गिअर उतरवला असता, ते हातवारे करून दाखवत होते. माझ्याकडे बघून ते बोलले ते एमआरटीच्या दाराशीच.

“फोन करत जा. लगेच मला बोलता येईल असं नाही. पण करत जा.”

मी मिरजेला परतून दीड महिना झाला. मेघनाला आणि तेव्हा शर्यत बघायला आलेल्या गावातल्या दोघा जुन्या गॅरेजवाल्यांना मी खरं काय ते सांगितलं. एकजण म्हणाला, आता काय उपयोग. जयवंतरावांवर मी अन्याय केला का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. त्यांच्या फोटोसमोर दिवा लावताना मी ते रोज विचारते. माने यांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा हवापाण्याचं बोलले.

माळावर आता गोदामं आहेत. त्या शर्यतीत धावलेल्या आणि मोजणाऱ्या माणसांपैकी माझ्या माहितीत दोघं उरली आहेत, एक मिरजेत आणि एक तोआ पायोहला. दोघांनाही खरा आकडा ठाऊक आहे.