दारामागचा कोबी

माझ्या सासऱ्यांची घोडी मी मारली, आणि त्यांना कळू नये म्हणून तिच्या जागी दुसराच घोडा आणून बांधला.

घोडी टीव्हीवरच्या गेममधली होती, पण सासरे खरे होते. त्यांची सगळी नोकरी निपाणीपुढच्या चेकनाक्यावर ट्रकच्या ताडपत्र्या उचलण्यात गेली. पुढे नाके उठले, त्याच्या आगेमागे तेही निवृत्त झाले. नाका उठला, नजर तेवढी जागेवर राहिली. बायको शैला त्यांना आप्पा म्हणायची, मी मामा म्हणायचो, आणि ते मला संशयित म्हणून बघायचे.

याला कारण मीच दिलं होतं. मुलगी बघायला निपाणीला गेलो तेव्हा बेळगावच्या खडेबाजारातून कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, किलोचा डबा घेतला आणि वाटेत, नुसती चव बघू म्हणत, निम्मा संपवला. दारात उतरल्यावर मामांनी नमस्काराच्या आधी स्कूटरची डिकी उघडायला लावली. डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "माल बेळगावातनं भरून निघालता न्हवं? मग मधी कुठं उतरला?" तरीही मुलगी दिली. का दिली, हा संशय मला अजून आहे.

मामी गेल्यावर ते निपाणीच्या घरात एकटेच राहायचे. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले आणि अर्धा दिवस तसेच पडून राहिले. दूधवाल्याने दार ठोठावलं म्हणून कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शैलाने त्यांना बेळगावला आमच्याकडे आणलं. पण मामा कायमचे राहायला तयार नव्हते. प्रत्येक सणाला, "एवढा सण झाला की निपाणी" असं म्हणायचे. बॅग कधी पुरती रिकामी केली नाही. निपाणीचं घर एक शिक्षक भाड्याने मागत होते, त्यांनाही "दिवाळीनंतर सांगतो" असं झुलवत ठेवलं होतं. घर भाड्याने दिलं तर मामा आमचे, नाही दिलं तर शैलाचा जीव रोज टांगणीला.

गेम मी माझ्यासाठी आणला होता. केवढंतरी मोठं राज्य, डोंगर, जंगलं, गावं, राक्षस, एक अग्नी ओकणारा ड्रॅगन, आणि आपण त्यात घोड्यावरून हवं तिकडे हिंडायचं. डॉक्टरांनी मामांना गुडघा लांब करून बसायला सांगितलं होतं. बसल्याबसल्या ते माझा खेळ बघायचे आणि चुका काढायचे. शेवटी मी रिमोट त्यांच्याच हातात दिला. त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की मामा ड्युटीवर.

सुरुवातीच्याच गावात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा जादूगार भेटतो. राज्यावर संकट आलंय, ही तलवार घे आणि ड्रॅगनला मार, असं सांगतो. इथून खरी कथा चालू होते. मामांनी तलवार घेतलीच नाही. "राज्यावर संकट आलंय आणि हा म्हातारा सकाळधरनं एकाच कट्ट्यावर बसलाय? आणि अनोळखी माणसाला फुकट तलवार? ह्याच्यात कायतरी हाय." पुढचं दीड वर्ष मामा त्या राज्यात हिंडले, पण त्या म्हाताऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. इंग्रजी संवाद मी मराठीत सांगायचो, त्यावरही विश्वास नव्हता. "तो एवढं लांबलचक बोलला आणि तुम्ही एवढंच सांगितलासा?"

मग ते खेळायचे काय? नाका चालवायचे. नदीवर एक पूल होता, त्याच्या तोंडाशी घोडी उभी करून येणाजाणाऱ्यांवर नजर ठेवायचे. एका व्यापाऱ्याच्या बैलगाडीचा त्यांनी सलग तीन दुपारी पाठलाग केला आणि चौथ्या दिवशी मला बोलावून दाखवलं. "ही गाडी दोन गावांमधी नुसती फिरती. माल कुठंच उतरत न्हाय." मी म्हटलं, मामा, गेममध्ये शोभेला ठेवलीय ती. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्या व्यापारात माझीही भागी असावी.

घोडीला नाव द्यायची सोय होती, पण त्यांनी दिलं नाही. "नाव दिलं की माया लागती, आणि माया लागली की तपासणीत ढील पडती." तरीही चढावर खाली उतरून तिला लगाम धरून चालवायचे.

खेळ थांबवताना मामा आपल्या माणसाला गेममधल्या त्याच्या घरात आणायचे, दार लावायचे, दाराला आतून एक कोबी टेकवून ठेवायचे आणि मग निजवायचे. मला वाटायचं, म्हातारपण. तिथवरचा खेळ जपून ठेवायला गेममध्ये दहा जागा होत्या. मामा एकच वापरायचे. मी दुसरी वापरा म्हणालो, तर म्हणाले, "दोन वह्या ठेवतो तो चोर."

ऑक्टोबरात मामा घर झाडून घ्यायला दोन दिवस निपाणीला गेले. रविवारी दुपारी शैला बाजारात होती. नवा खेळ काढायचा कंटाळा केला आणि मी मामांचाच खेळ उघडला. दीड वर्ष ज्या म्हाताऱ्याला मामांनी दाद दिली नाही तो पुढे काय करतो, एवढंच मला बघायचं होतं. तलवार घेतली, मामांची घोडी घेतली, डोंगरावर गेलो. ड्रॅगन आला. मी पळालो, घोडी राहिली. गेम आपल्या मनाने सगळं जपून ठेवतो, आणि वही तर एकच.

मग मी पुरावे मिटवायला घेतले. तबेल्यातून त्याच रंगाचा एक घोडा आणून जागेवर बांधला. तलवार नदीत टाकली. मामांचा माणूस घरी आणून निजवला. आणि निजवण्याआधी, घर नीट दिसावं म्हणून, दारापाशी लोळत पडलेला कोबी उचलून स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवला.

सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा मामा टीव्हीसमोर शांत बसले होते. सहज विचारावं तसं विचारलं, "जावई, काल दुपारी च्या कुठं घेतलासा?"

नाक्यावरची ही त्यांची पद्धत मला ठाऊक होती. मालाबद्दल ड्रायव्हर खोटं पाठ करून येतो, चहाबद्दल कोणी पाठ करत नाही. म्हणून ते आधी चहाचं विचारायचे, तेही कन्नड, मराठी, हिंदी असं पालटून. त्यांचं म्हणणं, खोटं बोलायचं झालं की माणूस आपली भाषा सोडतो.

आणि एवढं ठाऊक असून मी म्हणालो, "अॅक्चुअली मामा, आय वॉज जस्ट रेस्टिंग."

"असं," मामा म्हणाले आणि पुलाकडे निघाले.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारा. मामांना कळलंय की नाही, याचा मी माग काढायचो. ते घोड्याकडे जरा जास्त वेळ बघतात का? कधी वाटायचं कळलं, कधी वाटायचं सुटलो. मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम करतो. त्या काळात तडा गेलेले दोन भाग मी पास केले आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तडा गेलेला बाहीरनं दिसत न्हाय. वाजवून बघावं लागतं." आणि माझ्याकडे बघत राहिले.

एका सकाळी शैला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आप्पा बॅग भरायलेत. दिवाळी झाली की जातो म्हणतात, भाडेकरूला नको म्हणून कळवणार हाईत. तुम्ही काय केलासा?"

"मी काय करणार?"

"त्यांनी मला विचारलं, तुझा नवरा घरात इंग्लिश कधी बोलतो. मी सांगितलं, काहीतरी फोडलं की."

त्या दुपारी मी अर्धी सुट्टी टाकून घरी आलो. मामा पुलावर होते. मी समोर उभा राहिलो आणि घसा खाकरला.

"मराठीत बोलणार असलासा तर बसा," मामा म्हणाले.

मी बसलो. म्हातारा, तलवार, डोंगर, घोडी, सगळं सांगितलं. घोडी कशी पडली ते सांगताना मामांनी मान दुसरीकडे वळवली.

"एकोणीस दिवस," ते म्हणाले. "नाक्यावर अट्टल ड्रायव्हर अर्ध्या तासात कबूल व्हायचे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच. दाराला कोबी कशाला लावतोय मी? दार उघडलं की कोबी हालतो. तुमच्या जागी दुसरा चोर असता तर कोबी नुसता हालला असता. तुम्ही तर आवरून ठेवलासा."

"मग बोलला का नाही?"

"घोडी गेली ती गेली. माणूस सांगतोय का न्हाय, ते बघायचं होतं."

मी विचारलं, आता जाणार का. मामांनी रिमोट खाली ठेवला, गुडघा चोळला. "न्हाय. त्या मास्तरला घर देऊन टाकतो. हितं दाराला कोबी लावायची गरज न्हाय. ह्या घरातल्या माणसाला चोरी करता येती, पण लपवता येत न्हाय."

मामांनी बॅग त्या दिवशी रिकामी केली. पुढची दोन वर्षं त्याच घोड्यावरून राज्य तपासलं. घोड्यावर मात्र कायम राग. "खायाला पुढं आणि चढाला मागं. हाक मारल्याबिगर जागचं हालत न्हाय हे जनावर."

गेल्या थंडीत त्यांना बेळगावातच कॅम्प भागातल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तरुण डॉक्टर रोज त्यांच्याशी आमच्यासारखंच मराठी बोलायचे. एका सकाळी तपासून झाल्यावर त्यांनी मामांचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "एव्हरीथिंग इज फाइन, नथिंग टू वरी." ते गेल्यावर मामांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "घरी न्या मला," म्हणाले. "ऐकलासा न्हवं, कुठल्या भाषेत बोलला ते?"

घरी आणल्यावर पाचव्या दिवशी मामा गेले.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी आणि शैलाने गेम उघडला. मामांचा माणूस घरात निजलेला होता. दार सताड उघडं. कोबी टोपलीत, मी ठेवला होता तिथेच. बाहेर घोडा उभा होता. मी जवळ गेलो, तशी त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. मामांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधून त्याला नाव दिलं होतं: जावई.

शैलाने डोळे पुसले, जरा वेळ घोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आप्पांची तपासणी कधी चुकली न्हाय," ती म्हणाली. "चला उठा आता. तीनदा हाक मारली मघाशी, दळण आणायचंय."