पातळ केलेला आख

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अमडापूरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात खरिपाचं पीक घरात आलं की लोकांच्या तोंडी एकच विषय असायचा, शंकरपट. कोणाची जोडी सुसाट गेली, कोणाची पट्टी सोडून हरभऱ्यात घुसली आणि धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, बाभळीवर टाकून एकटीच घरी आली, हे लोक मयताला जमल्यावरसुद्धा हळू आवाजात बोलायचे.

बैल हा इतरांचा विषय. माझा विषय छकडा. पटाचा छकडा म्हणजे दोन चाकं, मधे लाकडी आख, पुढे दांडी आणि धुरकऱ्याला कसंबसं बूड टेकवायला एक फळी. त्यात सुधारायला काही उरलेलंच नसतं, आणि असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. आदल्या वर्षी मी आमच्या घरचा कंदील सुधारला होता. तेव्हापासून माय चुलीच्या उजेडात भाकरी थापायची.

आमची एकच बैलजोडी. पटालाही तीच आणि मळ्यातल्या विहिरीवर मोट ओढायलाही तीच. आम्ही कांदे-वांगी करणारे लोक. मोट थांबली की मळा वाळला. तरी गेल्या पटात आमची जोडी चांगली धावली होती आणि बाबा वरून कितीही कोरडे राहिले तरी तेव्हापासून बैलांच्या शिंगांना तेल जरा जास्तच लावत होते. जोडीतला डावा बैल त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलेला. त्याची आई मेली तेव्हा बाबांनी बोटावर दूध घेऊन त्याला पाजलं होतं, असं माय सांगायची. त्याच्याशी बाबा जेवढं बोलत तेवढं माझ्याशी बोलले असते तर मी कदाचित शहाणा झालो असतो.

त्या हिवाळ्यात मी छकड्याला हात घातला. सुताराचा रंधा मागून आणला आणि आखाची दोन्ही टोकं, जिथे चाकाचा तुंबा, म्हणजे मधला भोकाचा ठोकळा, फिरतो तिथे, तासून पातळ केली. बाभळीचं लाकूड, हाताला फोड आले. वंगणासाठी आमच्याकडे एरंडीच्या तेलात जळक्या पेंढ्याची राख कालवतात. ते घट्ट असतं. मी म्हटलं, घट्ट वंगण चाकाला धरून ठेवतं. मग तुंबे रॉकेलनं धुतले आणि नुसतं पातळ एरंडीचं तेल सोडलं. छकडा दगडावर टेकवायचा, चाकाला झटका द्यायचा आणि बिडी पेटवायची. आधी चाक अर्ध्या बिडीत थांबायचं. आता बिडी संपून बोट भाजलं तरी फिरत होतं.

बाबा मोटेवरून परत येताना उभे राहिले. "काऊन बे, काय करून राह्यला?"

"चाक हलकं केलं, बाबा. पाहा ना."

त्यांनी चाक पाहिलं नाही. वाकून आखाच्या टोकावरून अंगठा फिरवला. "लय तासला."

"पटापुरता तर आहे."

"पटापुरताच ठेव मंग. वाटेनं हाकू नको. मोठ्या गाडीत टाकून ने."

हे सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात पटाचा छकडा कोणी रस्त्यानं हाकत नाही. तो मोठ्या बैलगाडीत नवरदेवासारखा बसून जातो आणि बैल मोकळ्या मानेनं मागून चालतात. सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही होतं.

पट धाडच्या दिशेला एका गावी होता. त्या दिवशी बाबा वांगी घेऊन बाजाराला गेले. शेजारचे काका त्यांची मोठी गाडी घेऊन दारात आले. आणि मी आमची जोडी छकड्याला जुंपली.

"अबे, छकडा गाडीत काऊन नाही टाकत?" काका ओरडले.

"जरा चाल पाहतो, काका. पुढच्या गावापर्यंत."

"तुह्या बानं काय सांगतलं होतं?"

"पुढच्या गावात उतरवतो ना."

खरं कारण सांगतो. वाटेवर गावं होती, गावांत विहिरी होत्या आणि विहिरींवर पाणी भरणारी माणसं होती. मोठ्या गाडीत घोंगडीखाली झाकलेला छकडा कोणाला दिसणार? मी फळीवर उभा राहून, कासरे एका हातात धरून, पागोट्याचा शेमला मागे सोडून पहिल्या गावातून गेलो. पोरं मागे धावली. एका म्हाताऱ्यानं "कोणाचा रे हा?" असं विचारलं. एवढ्यावर मी दुसऱ्या गावाची वाट धरली. दुसऱ्या गावाच्या अलीकडे डावं चाक कुरकुरायला लागलं. पातळ तेल रस्त्याच्या धुळीनं केव्हाच पिऊन टाकलं होतं. सुज्ञ माणूस उतरला असता. मला मात्र ती कुरकुर वाजंत्रीसारखी वाटली, कारण आवाज ऐकून लोक घराबाहेर येत होते. मी आणखी जोरात हाकलं. काका मागून रिकामी गाडी घेऊन येत होते आणि माझ्या धुळीत खोकत होते.

मैदानावर पोचलो तेव्हा तुंब्याजवळ करपल्यासारखा वास येत होता. मी पाणी मारलं, उरलेलं तेल ओतलं आणि छकडा टेकवून चाकाला झटका दिला. चाक फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. पूर्वी कधी फिरलं नव्हतं तसं. आख तुंब्याच्या आत घासून आणखी बारीक झाला होता म्हणून तुंबा त्यावर खुळखुळत होता. मला वाटलं, वाटेनं हाकल्यामुळे चाक नीट जागेवर बसलं. मी बहिणीच्या नवऱ्याला हाक मारली. धुरकरी तेच होते. त्यांच्या गावाहून सरळ मैदानावर आलेले.

"भाऊजी, पाहा. याला म्हणतात चाक."

भाऊजींनी चाक हातानं हलवलं. ते थोडं झुललं. "साळेबुवा, छकडा बनवला का पाळणा?"

"ढिलं आहे म्हणूनच पळतं."

"पडलो तं तुमची बहीण तुम्हीच सांभाळजा," असं म्हणून ते फळीवर बसले.

झेंडी पडली. शेजारच्या पट्टीवरची जोडी एकदम सुटली, पण आमची तिच्या पुढे गेली. खरंच गेली. मी दोन्ही हात वर करून नाचत होतो, म्हणून पुढचं मला नीट दिसलं नाही; माझ्या आयुष्यात ज्या गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहायला हव्या होत्या त्या बहुतेक वेळी मी नाचत होतो. अर्ध्या पट्टीच्या पुढे कडाड असा आवाज आला. डावं चाक एकटंच काही अंतर पळालं आणि लोकांत घुसून आडवं झालं. छकडा डावीकडे बसला, दांडी पिळवटली, जू फिरलं आणि डावा बैल जुवाखाली तोंडावर गेला. उजव्यानं त्याला तसंच थोडं फरफटत नेलं. भाऊजी बाजूच्या ढेकळांत पडले. उठले, खांदा धरून बसले. पट्टीच्या शेवटी हलगीवाल्यांना काही दिसलं नव्हतं. ते वाजवतच राहिले.

डावा उठायला गेला. पुढचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नको तिकडे वळला. तो परत बसला आणि परत उठायला गेला. मी त्याची मान धरून "बस रे, बस रे" म्हणत होतो. त्याला ते कळत नव्हतं, कारण त्याला आजवर कोणी बसायला सांगितलंच नव्हतं.

काकांच्या रिकाम्या गाडीत दहाबारा जणांनी त्याला उचलून ठेवलं. त्याच गावांतून परत आलो. लोक पुन्हा बाहेर आले. आता कोणी काही विचारत नव्हतं.

बाबा दारात उभे होते. त्यांनी गाडीत चढून पाय चाचपला. मला वाटलं मारतील. मी गालही थोडा पुढे केला होता. ते मला म्हणाले, "पाणी आण." बस्स.

हाडं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं लेप लावून बांबूच्या कांब्या बांधल्या. तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं की एवढ्या वजनाच्या जनावराचं हे हाड धरत नाही, सुई देऊन मोकळं करणं बरं. बाबा मोठ्यानं म्हणाले, "सुई टोचायचीच असन तं मले टोचा, साहेब." डॉक्टर गेले. मायनं शेगावचा नवस बोलला.

बैल फार दिवस बसला की सडतो, म्हणून त्याला उभं ठेवायचं होतं. तिथे माझे हात पुन्हा शिवशिवले. कडुलिंबाच्या फांदीला मोटेचे दोर टाकले, पोटाखाली गोणपाटाची जाड झोळी घेतली आणि त्याला उचलून धरलं. दोर आवळला की त्याला श्वास घेता येईना. ढिला केला की भार मोडक्या पायावर. मी दिवसभर गाठी मारत-सोडत होतो. गावातले लोक बघायला येत.

"आता बैल टांगून पट पळवतं काय बे?" एक जण म्हणाला. लोक हसले. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. ते दुसऱ्या बाजूनं दोर धरून उभे होते. "जरासा सोड," ते म्हणाले. "हां. आता जरासा आवळ." आमच्या दोघांत एवढं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

मोट बंद होती. उजवा बैल एकटा काही ओढू शकत नव्हता. कांद्याची पात पिवळी पडून माना टाकत होती आणि त्या मळ्यात आमच्यापैकी कोणी जात नव्हतं. झोळी घासून डाव्याच्या पोटाला जखमा झाल्या. लिंबाचा पाला उकळून धुवायचो, माशा तरी जात नसत. कांब्यांच्या आतून वास यायला लागला. उजवा दाव्याला ताण देऊन त्याची मान चाटायचा. मग डाव्यानं ढेप, म्हणजे सरकीची पेंड, खायची सोडली, मग कडबा सोडला. बाबांनी हिरवी ज्वारी तोंडात भरवली. ती ओठांवरून तशीच खाली पडली.

एका सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून एसटीला गेले. कोणालाच काही सांगितलं नाही. मला वाटलं बाजाराला. दुपारी ते आले तेव्हा मागे डॉक्टर होते, हातात त्यांची पेटी.

"दोर सोडा लागतीन," बाबा मला म्हणाले. "दोन्हीकडून सारखे. त्या पायावर पडू देजो नको."

एका बाजूला ते, एका बाजूला मी. आम्ही त्याला हळूहळू खाली आणलं. आजवर मी केलेल्या कामांत ते एक काम बिनचूक झालं. तो उजव्या कुशीवर टेकला आणि एवढे दिवस धरून ठेवल्यासारखा श्वास सोडला.

मी उठून जायला निघालो. "कुठी चालला?" बाबा म्हणाले. "बस इथं. त्याच्या मानेवर हात ठेव."

मी बसलो. डॉक्टरांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. माझ्या तळव्याखालची मान मला कळत होती. ती एकदा उचलली गेली, मग नाही. डॉक्टर "झालं" म्हणाले. बाबा त्याच्या शिंगाच्या बुडाशी खाजवत होते, ते तसेच खाजवत राहिले. डॉक्टर रस्त्याला लागले तरी खाजवत होते.

मग ते उठले. "आंग कडक होयाच्या आंदी पाय दुमडा लागते. नाहीतं खड्डा लय मोठा खांदा लागन."

मी तीन पाय दुमडले. चौथ्याला हात लावला आणि तसाच बसून राहिलो. बाबांनी मला बाजूला केलं, कांब्या एकेक करून सोडल्या आणि तो पाय स्वतः दुमडला.