इंजिनच्या होडीचा पंखा

ती घटना आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. साठच्या दशकाची सुरुवात असेल. मी उरणला फौजदार होतो आणि नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलेही नव्हते. सरकारने मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांना इंजिनच्या होड्या देण्याची योजना काढली होती. चार घरांनी एकत्र येऊन धंदा उभा करावा आणि सगळ्या गावाचे भले व्हावे, हा तिचा हेतू. आमच्या हद्दीतल्या एका कोळीवाड्याला अशी पहिली होडी मिळाली. मात्र मत्स्य खात्याच्या साहेबांची अट होती: येत्या सोमवारी ती समुद्रात चालवून दाखवा, नाहीतर होडी दुसऱ्या गावाला जाईल.

आणि नेमका पाण्याखाली फिरून होडी पुढे ढकलणारा पितळी पंखाच चोरीला गेला! पंख्याशिवाय इंजिन म्हणजे नुसता आवाज. सोसायटीचे चेअरमन रडकुंडीला येऊन फिर्याद द्यायला आले. आम्ही पंचनामा केला, भंगारवाल्यांच्या झडत्या घेतल्या, पण हाती काही लागेना. शेवटी बाजारातला आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, माल गावाबाहेर गेलाच नाय. उगा वणवण करू नका."

कोळीवाड्यात दमदाटीने काही निघत नाही. दरडावलेत की सगळे एक होतात. मी माणसे सोसायटीच्या ओट्यावर बोलावली आणि एकेकाला इतकेच म्हणालो, "दर्याची शपथ घ्या आणि घरी जा." सगळ्यांनी घेतली. होडी चालवणार होता त्या तरुण तांडेलाची आई तेवढी गप्प राहिली. तिचा नवरा समुद्रातच गेलेला.

"घ्या ना, मावशी," हवालदार म्हणाला.

"खोटी शपथ नाय घेनार मी. माझा पोरगा त्याच्याच हवाली हाय." तिला हुंदका फुटला. "नारली पुनवेला नारल दिल्याबिगर आमी दर्यात जात नाय. तुमचा सायब सोमवारीच होरी काढा सांगतो. दर्या काय त्याचा चाकर हाय?"

पंखा तिच्या चुलीमागच्या सरपणात निघाला आणि मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाला. मी साहेबांना जाऊन सगळे सांगितले. माणूस घाटावरचा, समुद्राशी कधी संबंध न आलेला. "सोमवारी येऊन बघतो," एवढेच ते म्हणाले.

सोमवारी दर्या असा खवळला की धक्क्यावर पाय ठरेना. साहेब भिजत पाहत राहिले. पंखा होडीला असता, तर त्यांच्याच हुकमाने तो तांडेल या वेळी त्या पाण्यात असता. मग ते सरळ मावशीच्या दारात गेले. "मावशी, होडी कधी काढायची ते आता तुम्हीच सांगा."

पुनवेनंतर चाचणी झाली आणि होडी गावाकडेच राहिली. चोरीचा हेतू नव्हता, हा माझा अहवाल मॅजिस्ट्रेटनी मान्य केला. योजना ज्यांच्यासाठी, त्यांना आधी विचारावे, हे मी तिथे शिकलो. चूक कळताच दार गाठणारा तो अधिकारी भेटला, हे आमचे भाग्य. नोकरीत चोर पुष्कळ पकडले. ज्याचे जन्मभर आभार मानावेत असा चोर मात्र ती एकटी माउलीच.